कारल्याचा पिझ्झा आणि माझी कुलपातली मराठी

समुद्राकाठच्या चेन्नई नगरात, वेस्ट मांबलमच्या एका जुन्या बिल्डिंगीत, तीन बाया राहत होत्या. एक म्हातारी, एक तिची सून, एक नात. म्हातारी गोदावरी, सून सुनंदा, नात मैत्रेयी. राजा नव्हता, आवडती-नावडती राणी नव्हती. पुरुष म्हणून भिंतीवर दोन तसबिरी होत्या, एक म्हातारीच्या नवऱ्याची, एक तिच्या मुलाची. म्हातारीकडे ना व्रत, ना वसा. एक जीभ तेवढी होती. ती उतायची, मातायची, आणि घेतलेला चावा सोडायची नाही.

ती म्हातारी म्हणजे मीच हो!

आता काय सांगू तुम्हाला, त्या जिभेनं मी माझ्या एकुलत्या एका नातीचं लग्न मोडत आणलं होतं. तेही भांडून नाही. हसत हसत! चेहऱ्यावर अष्टमीच्या देवीसारखं हसू ठेवून! कसं ते ऐका, आणि माझ्यासारखं वागू नका.

आधी जिभेची गोष्ट सांगायला हवी.

लग्न करून मी चिपळूणजवळच्या खेड्यातून इथं आले. नवरा रेल्वेचे डबे बनवायच्या कारखान्यात. शाळेची पायरी मी चढलेली नाही. तमिळ सोडा, मला मराठीचं अक्षर ओळखता येत नव्हतं. दुकानात जाऊन गूळ हवा तर बोट दाखवायचं, मिरची हवी तर जीभ बाहेर काढून हा-हा करायचं. दुकानातल्या बाया फिदीफिदी हसायच्या. त्या काय म्हणतात ते कळायचं नाही, आणि कळायचं नाही म्हणून जास्त झोंबायचं. घरी येऊन मी पदर तोंडात कोंबून रडायचे.

मग एक दिवस डोक्यात उजेड पडला. मला त्यांचं कळत नाही, तर त्यांना तरी माझं कुठं कळतंय?

झालं! मराठी ही माझी कुलपातली भाषा झाली. चेहरा हसरा, आवाज मधाचा, आणि शब्द कारल्याचे. घरमालकीण पाणी बंद करायला आली की मी हात जोडून म्हणायचे, "या या, महामारीबाई, तुमच्या तोंडात किडे पडोत." ती बापडी खूश होऊन मान डोलवायची. बसच्या कंडक्टरला, डॉक्टरच्या नर्सला, देवळातल्या गुरुजींनासुद्धा मी सोडलं नाही. तमिळ पुढे कामापुरतं आलं, पण ही सवय काही गेली नाही.

बाजारात तर विचारूच नका. मध्यंतरी मांबलम स्टेशनजवळच्या भाजीबाजारात एक पांढऱ्या केसांची धिप्पाड बाई शेवग्याच्या कोवळ्या शेंगा सगळ्या वेचून पिशवीत कोंबत होती. मी मागे उभी. मी गोड हसून म्हटलं, "घे गं भोपळ्या, सगळ्या शेंगा घे. भाजीवालीलाही घे पिशवीत!" बाईनं वळून पाहिलं. हसली. मीही हसले. किती समाधान झालं म्हणून सांगू! त्या दिवशी जेवण दोन घास जास्त गेलं.

तर अशी मी.

एका रविवारी मैत्रेयी माझ्या केसांना तेल लावत होती. हळूच म्हणाली, "आजी, मला एक मुलगा आवडलाय."

"कुठला?"

"इथलाच. कार्तिक राव. इटालियन हॉटेल आहे त्याचं. स्वतः कुक करतो."

माझं अर्धं डोकं तेलानं थंड आणि अर्धं रागानं गरम. "आचारी? तुझ्या वेलचेरीच्या त्या काचेच्या ऑफिसात एवढे इंजिनियर भरलेत, आणि तुला आचारी सापडला? आणि राव म्हणजे कोण? तेलुगू की कन्नड?"

"आजी, तेच तर सांगतेय, ते लोक ना..."

"मला काही ऐकायचं नाही!"

आणि मी खरंच ऐकलं नाही. पोरगी दर दोन दिवसांनी "आजी, पण ते लोक..." एवढं म्हणायची, की माझी कुकरसारखी शिट्टी व्हायची. कधी मी कानावर हात ठेवले, कधी देवघरात जाऊन जोरजोरात घंटा वाजवली. शेवटी तिनं सांगणंच सोडलं. आईला म्हणाली, "राहू दे. आजीला तिथेच कळेल. सरप्राइज!" आईलाही पुढचं काही सांगितलं नाही.

तुम्ही म्हणाल, म्हातारीला एवढं झालं तरी काय? सांगते. सून बँकेत. संध्याकाळी ती इतकी दमून येते, की तिला कुठल्याच भाषेत बोलायचं नसतं. मैत्रेयी शाळेपासून तमिळ आणि इंग्रजीत वाढली. ती मराठी बोलते ती माझ्यासाठी. "आजी, भूक लागली." "आजी, पाठ खाजव." एवढीच काय ती माझी मराठी उरलीय या जगात. ती उद्या कुणा रावांच्या घरी गेली, तर मी बोलू कुणाशी? तसबिरींशी? त्या दोघांनी तर जिवंतपणीसुद्धा कधी धड उत्तर दिलं नाही.

सुनंदा म्हणाली, "आई, एकदा जेवून तर येऊ. जेवल्यानं लग्न होत नाही."

गेले. पण कशी गेले? सगळ्यात विटकी साडी नेसून. नारळ नाही, हळदकुंकवाची डबी नाही. म्हटलं, बघू दे त्यांना, आम्ही काही सोयरीक करायला आलो नाही.

हॉटेलात ही अंधारबत्ती! आपण काय खातोय ते फक्त देवाला दिसावं. मागाहून वाटलं, अंधार होता तेच बरं होतं.

टेबलाशी कार्तिकची आजी आधीच येऊन बसली होती. पोराला आईबाप नाहीत, आजीनंच वाढवलेला. बाई चांगली ऐसपैस, पांढरे केस, दोन्ही नाकपुड्यांवर चमकी. त्या काळोखात मला बाईपेक्षा चमक्याच जास्त दिसत होत्या. कुठंतरी पाहिल्यासारखी वाटली, पण या वयात मला सगळेच कुठंतरी पाहिल्यासारखे वाटतात. तिनं हात जोडले, मी जोडले. ती काही बोलली नाही, नुसती हसली. मी म्हटलं, बरं झालं, मुकी आहे.

कार्तिक आला. उंच, सावळा, कमरेला काळं फडकं बांधलेलं. "वणक्कम पाट्टी," नमस्कार आजी, म्हणून वाकला.

तेवढ्यात सुनंदाचा फोन वाजला. मैत्रेयी ऑफिसात अडकलेली. "आई, तुम्ही सुरू करा. पण मी येईपर्यंत फक्त जेवा हं, बोलू नका काही!"

पोरगी शहाणी होती हो. आजीच मूर्ख.

पहिल्यांदा आलं टोमॅटोचं रसम. त्यावर एक तुळशीसारखं पान. ते काचेच्या इवल्याशा पेल्यात, डोस देतात तसं. मी घोट घेतला. कार्तिक समोरच उभा, त्याची आजी माझ्या तोंडाकडे बघत. मी दोघांकडे बघून तोंडभर हसले. "रोंब नल्ला इरुक्कु!" म्हटलं. फार छान आहे, फार छान! आणि त्याच मधाच्या आवाजात, तसंच हसू ठेवून, सुनेला म्हटलं,

"सुनंदा, हे रसम नाही गं. हे रसमचं भांडं विसळलेलं पाणी. मीठ घालायचं नाही अशी काय शपथ घेतलीय याच्या घराण्यानं?"

"आई, हळू!"

"हळू कशाला? कुणाला कळतंय?"

कार्तिकच्या हातातला ट्रे एकदम तिरका झाला. पोरगं कानापर्यंत तांबडं झालं. मला वाटलं, कौतुकानं लाजलं.

मग आला भात. त्यांचा रिसोट्टो आणि आपल्या मद्राशांचा पोंगल यांचं लग्न लावलेलं. वर चीज. मी चमचा तोंडात घातला आणि डोळ्यांपुढे मरिना बीच उभा राहिला. मीठ, मीठ, नुसतं मीठ!

"रोंब रोंब नल्ला इरुक्कु!" मी म्हटलं. आणि सुनेकडे वळून, "अगं, मघाशी मीठ नाही म्हटलं तर यानं समुद्रच वाढला. आणि हे चिकट काय? दहीभात कॉन्व्हेंटात शिकून आला की असा होतो का? चवीला जरा मिरची तरी घालायची मेल्यानं!"

सुनंदानं नॅपकिन तोंडावर धरला. "आई, पुरे हो, मला हसू फुटेल." मग नॅपकिनाआडून म्हणाली, "पोरगा दिसायला मात्र बरा आहे."

"बरा आहे गं. पण ज्याला भात जमत नाही, त्याला संसार काय जमणार?"

त्याची आजी सावकाश जेवत होती. एक एक घास चावून. मध्येच माझ्याकडे बघून हसायची.

तिसरा आला पिझ्झा. आणि त्यावर काय असावं? कारलं! कारल्याच्या चकत्या, कांदा, आणि वर लाल मिरचीचा असा सडा, की जणू दारी रांगोळी घातलीय. एका घासात माझ्या कानांतून वाफा निघाल्या. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि तरी मी हसतेय! काय ती माझी तपश्चर्या!

"नल्ला... इरुक्कु..." पाणी प्याले, आणि सुनेला म्हणाले, "मिरची म्हटलं तर गुंटूरचं अख्खं गोदाम ओतलं. बघितलंस? मी जे म्हणते ते पुढच्या ताटात उतरतं. पण उलटं होऊन, दामदुपटीनं. माझ्या बोलण्यात काही सिद्धी आहे की काय?"

"योगायोग असेल, आई."

"असेल. आणि या ठोकळ्याकडे बघ. बोलत नाही, हलत नाही, नुसती गिळतेय. माझी मैतू या घरात गेली तर हिला पोळ्या लाटून घालता घालता मरायची."

तो ठोकळा पुन्हा हसला. आणि त्यानं, म्हणजे तिनं, पिझ्झ्याचा उरलेला सगळा भाग हलकेच माझ्या ताटाकडे सरकवला. मी मनात म्हटलं, बघा, भाषा कळत नाही पण माया आहे! अहो, कसली माया? मला आता कळतंय, तो सूड होता.

कार्तिक ताटं उचलायला आला तेव्हा त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. ताटं घेऊन आत गेला. बराच वेळ आला नाही.

मग चौथं ताट आलं.

छोट्या छोट्या उकडलेल्या करंज्या, आत बटाट्याचं सारण, आणि भोवती तांबूस आमटी. मी शिवी आधीच तयार करून ठेवली होती, करंज्या तळायच्या सोडून बुडवल्या काय, अशी काहीतरी. चमचा तोंडात गेला. आणि शिवी जिभेवरच बसून राहिली.

आमसूल!

चिंच नव्हती त्यात. आमसूल होतं. या शहरात इतकी वर्षं काढली, पण चिंचेशिवाय दुसरं आंबट मला कुणी वाढलं नव्हतं. माझी आई चूल विझता विझता आमटीत आमसुलं टाकायची. मग आम्ही सगळी भावंडं चुलीशी पाट ओढून बसायचो. ती आई, ते पाट, ते घर, सगळं कधीच गेलं. आणि इथं, या काळोख्या हॉटेलात, एका परक्या पोरानं ते माझ्या चमच्यात घालून दिलं!

हसू गळून पडलं. "नल्ला इरुक्कु" म्हणायचीही आठवण राहिली नाही.

"काय झालं, आई? खारट आहे?"

"सुनंदा, या पोराच्या हाताला चव आहे गं."

"मग बरंच झालं की."

"बरं कसलं? मघाचं वाईट होतं ना, तेव्हा मला धीर होता. वाटलं, पोरगी चार दिवसांत कंटाळून परत येईल. पण हे असं रांधणाऱ्याला सोडून कोण येतंय? हा घेऊन जाणार तिला." मी पदरानं डोळे टिपले. "मी काही दुष्ट नाही गं. तिचं सुख मला बघवत नाही असंही नाही. पण ती गेली की 'आजी, भूक लागली' म्हणून घरात कोण बोलणार? उद्या मरताना मी पाणी मागेन, ते तरी कुणाला कळेल का?"

सुनंदानं आपलं ताट बाजूला सारलं. मग अगदी हळू म्हणाली, "मला कळेल ना, आई. मी पण आहे घरात."

माझा मुलगा गेल्यापासून ही बाई माझं सगळं करतेय, आणि माझ्या हिशेबात ती धरलेलीच नव्हती. मिरचीच्या पिझ्झ्यानं झोंबलं नसेल इतकं ते मला झोंबलं. मी खाली मान घालून आमटी चमच्यानं ढवळत बसले.

तेवढ्यात समोरून आवाज आला.

"आणखीन थोडें वाढूं काय?"

"नको हो, पोट भरलं," मी म्हटलं.

आणि मग, बायांनो, माझा चमचा हवेतच थांबला.

विचारलं कोणी? सुनंदानं नाही. सुनंदाचं तोंड तर आधीच उघडं पडलं होतं, आणि ती समोर बघत होती. समोर तो ठोकळा रुमालानं ओठ टिपत होता.

"तुम्हाला... मराठी...?"

"आम्ही तंजावरचे हो," ती म्हणाली. "आमचे घरीं पिढ्यान् पिढ्या हेच बोलणें. माझें नांव कावेरी. आमसूल आवडलें, फार बरें वाटलें. तें आमचे घरचें सांबार. भांडें विसळलेलें पाणी नव्हे."

अहो, काय मराठी ती! लहानपणी आमच्या देवळात पोथी लावायचे. ती पोथी जणू उठून, दोन्ही नाकपुड्यांत चमक्या घालून, माझ्यासमोर जेवायला बसली होती. मला वाटायचं, या शहरात मराठीची किल्ली एकट्या माझ्या कमरेला. ही बाई तर कुलूप घडवणाऱ्यांच्या घरातली निघाली!

रसम, घराण्याची शपथ, कॉन्व्हेंट, मेला, ठोकळा. एकेक शब्द परत येऊन माझ्या कानाखाली वाजवून जात होता.

कार्तिक आतून येऊन उभा राहिला होता. डोळे ओले, आणि ते काही मिरचीनं नव्हे. हात पुसत म्हणाला, "आजी, मीठ नाहीं म्हणालांत, म्हणून भातांत वाढवलें. मिरची नाहीं म्हणालांत, म्हणून पिझ्झ्यांत घातली. घाईंत ज्यास्ती पडलें. रोज असें होत नाहीं."

म्हणजे सिद्धी वगैरे काही नव्हती. एक पोरगं आत घामाघूम होऊन माझ्या जिभेच्या मागे धावत होतं!

"शेवटलें ताट मात्र," तो म्हणाला, "तुम्हांस न ऐकतां केलें. दार लावून घेतलें."

मी ते ताट दोन्ही हातांनी जवळ ओढून घेतलं.

कावेरीबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू आता गेलं होतं. त्या म्हणाल्या, "आमची मुलें-बाळें तमिळ बोलूं लागली. भाऊबंद मराठी विसरत चालले. मी म्हटलें, देवा, एक नातसून तरी दे, जिच्याशीं मी माझें बोलेन. देव पाण्यांत ठेवले. मग ह्यानें सांगितलें, मैत्रेयीची आजी थेट कोंकणची, तिचें मराठी ऐकण्यासारखें. मैत्रेयी येईपर्यंत गप्प राहायचें ठरलें होतें, तरी आज मी सकाळपासून वाट पाहात होतें. आणि कानीं पहिलें वाक्य काय पडलें?"

पहिलं वाक्य काय होतं ते आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं.

नेमकी त्याच वेळी दारातून मैत्रेयी धावत आली. घामेजलेली, पाठीवर पिशवी, तोंडभर आनंद. "आजी! कळलं का सरप्राइज?"

"कळलं गं बाई," मी म्हटलं. "सगळं कळलं. त्यांनाही कळलं."

तिनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कार्तिककडे पाहिलं. तिचा आनंद असा उतरला, जसं उतू आलेलं दूध खाली बसतं. "आजी, तू काय केलंस?"

मला सांगायला हवं होतं. पण कार्तिकच म्हणाला, "कांहीं नाहीं मैतू. माझा आज स्वयंपाक बिघडला, एवढेंच."

पाहिलंत? ज्याला मी मेला म्हटलं, तो माझी लाज झाकत होता. धरणीमाता त्या हॉटेलाखाली नसावी, नाहीतर तिनं मला नक्की पोटात घेतलं असतं.

कावेरीबाई खुर्चीच्या हातांना रेटा देऊन उठल्या. मी म्हटलं, संपलं. आता ही बाई निघून जाणार, आणि माझी नात जन्मभर माझ्या केसांना तेल लावणार नाही.

बाई टेबलाला वळसा घालून माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "ह्याला मुली दाखवायला पुष्कळ लोक आमचे घरीं आले. सगळे गोड बोलले. पोटांतलें एकानें काढलें नाहीं. आज ह्या बाईनें आमच्यासमोर सगळें काढलें. विषही काढलें, आणि रडूंही काढलें. आतां लपवायला हिच्यापाशीं कांहीं उरलें नाहीं. अशी विहीण मज पुन्हा शोधून मिळायची नाहीं."

मैत्रेयीनं श्वास सोडला तो मला ऐकू आला.

"पण एक आहे," कावेरीबाई म्हणाल्या. त्यांनी माझ्या तोंडाजवळ तोंड आणलं, चमक्या लखलखल्या. "भोपळ्यास तुम्ही ओळखलें नाहीं काय?"

अगंबाई! शेवग्याच्या शेंगा!

आता मात्र मी खरंच टेबलाखाली बघायला लागले, जागा आहे का म्हणून.

"ते दिवशीं घरीं जाऊन मी ह्याला म्हटलें, अरे, आज बाजारांत मराठी ऐकलें! परकें माणूस, मोकळें, ठसक्यांत बोललें! इतका आनंद झाला मज, कीं भोपळा म्हटलेलें राहूनच गेलें. मग रोज ते वेळेस बाजारास येत होतें. तुम्ही आणखीन काय म्हणतां तें ऐकायला. दोनदां तुमच्या मागें उभी राहून ऐकलें. बोलवेना मात्र. भीति वाटली, मी बोललें तर तुम्ही बोलायच्या थांबाल."

मी काय सांगू तुम्हाला. मी ज्या बाईला शिवी देऊन दोन घास जास्त जेवले होते, ती बाई त्या शिवीवरच जगत होती. मी तसबिरींशी बोलत बसले होते, आणि दोन गल्ल्या पलीकडे ती माझ्यासारखीच तोंड मिटून बसली होती. हसावं की रडावं? मी दोन्ही केलं. नाक पुसायला त्यांनीच मला रुमाल दिला.

मग त्या म्हणाल्या, "मुलीची ओटी भरायची. आत्तांच."

"अहो, पण नारळ नाही, तांदूळ नाहीत. मी मुद्दामच..." पुढचं मी गिळलं.

कार्तिक आत धावला. नारळ होता त्याच्याकडे, चटणीचा. तांदूळ आला तो रिसोट्टोचा, गोल गोल, परदेशी. माझ्या नातीची ओटी इटलीच्या तांदळानं भरली जाणार होती. पण भरणार कोण? मी विधवा, सुनंदा विधवा, कावेरीबाईही तशाच. मी हळूच म्हटलं, "आम्हा तिघींपैकी कुणी चालायचं नाही हो. बाहेरची एखादी सवाष्ण बोलवूया."

"शिव्या द्यायला बाहेरचें कोणी लागलें नाहीं," कावेरीबाई म्हणाल्या. "आशीर्वादाला कशास लागावें? आईनें भरावी. ये गो सुनंदा."

सुनंदानं डोळे पुसत ओंजळ रिकामी केली. तांदूळ अर्धे ओढणीत, अर्धे जमिनीवर. मी वाकून एकेक दाणा वेचला. म्हटलं, गोदे, तुझी शिक्षा हीच. तोंडानं सांडलंस ते हातानं गोळा कर.

लग्न झालं. मैत्रेयी दोन गल्ल्या पलीकडे राहते, दर रविवारी तेल लावायला येते. कारल्याचा पिझ्झा अजून मिळतो, फक्त कार्तिक आता त्यावर गुळाचा पाक सोडतो. मी गेले की विचारतो, "आजी, खरें सांगा," आणि आधी दार लावून घेतो. रात्रीच्या जेवणानंतर सुनंदाही माझ्याजवळ बसून बोलते. बहुतेक मीच आधी विचारत नव्हते.

आणि बाजारात आता आम्ही दोघी विहिणी बरोबर जातो. परवा एक बाई रांग मोडून पुढे घुसली. माझी जीभ वळवळली. मी गोड हसून म्हटलं, "ये गं म्हशी, तुझ्यासाठीच रांग लावलीय."

कावेरीबाईंनी मला करकचून चिमटा काढला. "हळू! ती माझी चुलत नणंद!"

तर असा माझा जिभेचा वसा मोडला. मी देवाजवळ माझं बोलणं कळणारं एक माणूस मागितलं होतं. देवानं हात आखडता घेतला नाही, आख्खं सासर दिलं. भरल्या घरी आता सगळ्यांना माझं सगळं कळतं. आणि मला मेलीला तोंड उघडायची सोय राहिली नाही!